विद्युत् मालमोटार आणि टपावरील ऊन

शेतमालाचा प्रवास बाजार समितीच्या आवारात संपत नाही. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा किंवा पुरंदरचा वाटाणा रात्रभर मोठ्या मोटारीतून प्रवास करून पहाटे तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात उतरतो. तेथे त्याचा सौदा झाला की तो लहान टेंपोंतून वाशीचा खाडीपूल ओलांडतो आणि मानखुर्द, गोवंडी, चेंबूर येथील किरकोळ बाजारांत जातो. तुर्भे ते गोवंडी हा टप्पा अवघा १२ ते १५ किलोमीटरांचा असला, तरी त्याचे भाडे कोणास तरी भरावे लागतेच. ते काही अंशी ग्राहकाच्या खिशातून आणि काही अंशी शेतकऱ्याच्या पट्टीतून वसूल होते. यास्तव हा शेवटचा टप्पा स्वस्त व निर्धोक कसा होईल, हा प्रश्न शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे.

गोवंडीच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. शीव-पनवेल महामार्ग व घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता यांवरून अवजड वाहनांची रहदारी अखंड चालू असते. जवळच १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी आहे. तेथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीचा धूर दूरवर पसरला होता. अशा दाट वस्तीच्या भागात डिझेलचा धूर जितका कमी होईल, तितके तेथील लहान मुलांचे व वृद्धांचे आरोग्य सुरक्षित राहील. विजेवर चालणाऱ्या मालमोटारीस धुराचे नळकांडे नसते, हा तिचा उघड लाभ होय.

अलीकडे या मोटारींबरोबर आणखी एक विचार पुढे येत आहे. मोटारीच्या टपावर सौर पॅनेल बसवावे, म्हणजे ती चालता चालताच चार्ज होईल व विजेचे बिल येणारच नाही, असे सांगितले जाते. कर्ज काढून टेंपो घेणारा तरुण किंवा शेतकरी उत्पादक कंपनी या आशेवर पैसे गुंतविण्यापूर्वी तिने हिशेब करून पाहणे अगत्याचे आहे. हा हिशेब अवघड नाही. ज्याने सौर कृषिपंप पाहिला आहे, त्याला तो सहज उमगेल.

विजेवरील वाहतूक मुंबईस नवी नाही

मुंबईत विजेवरील ट्राम १९०७ साली धावू लागली व ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद झाली. १९६२ ते १९७१ या काळात शहरात ट्रॉलीबसही होती. या वाहनांना वीज वरच्या तारेतून मिळे. ती सोबत वाहून न्यावी लागत नसे. मुंबईस लागणारी वीज १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून येऊ लागली. लोणावळ्याच्या परिसरात साठविलेले पावसाचे पाणी घाटाखाली सोडून ही वीज निर्माण होते. म्हणजे निसर्गात नित्य नवी होणारी शक्ती वाहतुकीस जुंपण्याची कल्पना आपल्या राज्यात शंभराहून अधिक वर्षांची आहे.

आज फरक पडला आहे तो बॅटरीमुळे. तारेचे बंधन सुटले आणि वाहन वाटेल त्या गल्लीत जाऊ लागले. टाटा मोटर्सने मे २०२२ मध्ये सादर केलेल्या 'एस ईव्ही' या लहान मालमोटारीत २१.३ युनिट वीज साठविणारी बॅटरी असून तिची भार वाहण्याची क्षमता ६०० किलो आहे. प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये ती १५४ किलोमीटर चालते. २०२४ मध्ये याच मोटारीचा १ टन भार वाहणारा प्रकारही आला. खाडीपलीकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या जड विद्युत् ट्रकांचा ताफा कामास लागला.

वाहनास किती वीज लागते?

विजेचे माप युनिट होय. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. वरील लहान मोटार चाचणीत एका युनिटात सुमारे ७ किलोमीटर चालते. परंतु चाचणीची वाट व मानखुर्दच्या चौकातील खोळंबा यांत अंतर असते. पूर्ण भार, वारंवार थांबणे, पुलाचा चढ आणि उन्हाळ्यातील उष्णता यांचा विचार करून एका युनिटास ५ किलोमीटर धरणे शहाणपणाचे ठरेल.

गोवंडीचा एक टेंपो दररोज तुर्भ्याच्या दोन खेपा करतो व नंतर वस्तीत माल पोहोचवितो, असे समजावे. त्याची दिवसाची चाल सुमारे ६० किलोमीटर होईल. म्हणजे त्यास दररोज १२ युनिट वीज लागेल. बॅटरीची क्षमता २१.३ युनिट असल्याने हे काम एका चार्जमध्ये निर्वेधपणे पार पडते. याउलट देवनारच्या पशुवधगृहाच्या बाजारात राजस्थान व गुजरातमधून बकऱ्यांची मोठी वाहने शेकडो किलोमीटर अंतर तोडून येतात. तशा लांबच्या वाहतुकीस ही लहान मोटार उपयोगी नाही. कामाचे अंतर ठाऊक असल्याविना वाहनाची निवड करू नये, हा यातील पहिला धडा होय.

टपावर किती वीज मिळते?

भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी सूर्यशक्ती पडते. चांगले पॅनेल त्यापैकी एक-पंचमांश शक्तीचे विजेत रूपांतर करते. म्हणजे दर चौरस मीटरास २०० वॅट मिळतात. लहान मोटारीचे टप साधारणतः २ मीटर लांब व दीड मीटर रुंद, म्हणजे ३ चौरस मीटर असते. त्यावर ६०० वॅटचे पॅनेल बसेल. शेतकऱ्याच्या परिचयाचे माप द्यावयाचे तर, सरकारी योजनेतील ३ अश्वशक्तीच्या सौर कृषिपंपास सुमारे ३,००० वॅटचे पॅनेल असते. टेंपोच्या टपावर त्याचा केवळ पाचवा हिस्सा मावतो.

मुंबईत वर्षाची सरासरी घेतल्यास दिवसाकाठी ५ तास भर उन्हाइतका प्रकाश मिळतो. त्यानुसार ६०० वॅटच्या पॅनेलापासून ३ युनिट मिळावयास हवे. प्रत्यक्षात मात्र पुढील कारणांनी घट येते.

१. टपावरील पॅनेल सपाट असते. शेतातील पॅनेलाप्रमाणे ते दक्षिणेकडे कलते ठेवता येत नाही.

२. पॅनेल तापले की त्याची वीज घटते.

३. रस्त्यावरील धूळ व काजळी पॅनेलावर बसते. शेतातील पॅनेल धुण्यास विहिरीचे पाणी असते; वस्तीत पाण्याची टंचाई असते.

४. उड्डाणपूल, इमारती व अरुंद गल्ल्या यांची सावली पडते. पॅनेलातील घटक एकमेकांस माळेप्रमाणे जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज त्या कोपऱ्याच्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक उतरते.

५. पॅनेलाचा विद्युतदाब बॅटरीच्या दाबाशी जुळवून घेताना काही वीज उष्णतेत वाया जाते.

ही घट एक-तृतीयांश धरली तर दिवसाला २ युनिट हाती येतात. त्यावर मोटार १० किलोमीटर चालेल. ६० किलोमीटरांच्या कामाचा हा सहावा हिस्सा झाला. जून ते सप्टेंबरपर्यंतच्या ढगाळ दिवसांत १ युनिट मिळाले तरी समाधान मानावे लागेल. बैंगनवाडी किंवा शिवाजीनगर येथील गल्लीत दिवसभर सावलीत उभ्या राहणाऱ्या वाहनास याहूनही कमी मिळेल.

मोठ्या ट्रकाचे टप मोठे असते, म्हणून त्यास अधिक लाभ होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. ४० फुटी कंटेनरच्या टपावर सुमारे २९ चौरस मीटर जागा मिळते. वरच्याच पद्धतीने तेथे दिवसाला १९ युनिट निघतात. परंतु जड विद्युत् ट्रकास दर किलोमीटरास सव्वा ते दीड युनिट वीज लागते. यामुळे त्याचीही चाल १२ ते १५ किलोमीटरांनीच वाढते. टपाबरोबर भारही वाढतो, हे विसरता कामा नये.

पैशाचा व वजनाचा हिशेब

वर्षात कामाचे ३०० दिवस धरले व त्यांपैकी २०० दिवस २ युनिट आणि पावसाळ्याचे १०० दिवस १ युनिट मिळाले, तर वर्षाला ५०० युनिट होतात. युनिटाचा दर उदाहरणादाखल १० रुपये धरल्यास वार्षिक बचत ५,००० रुपये होईल. विक्रेता पॅनेल, नियंत्रक व जोडणी यांची जी एकूण किंमत सांगेल तिला ५,००० ने भागावे. जो आकडा येईल तितक्या वर्षांनी भांडवल वसूल होईल. वाहनाचे आयुष्य व कर्जाची मुदत यांच्याशी हा आकडा ताडून पाहावा.

वजनाची गोष्ट अनेकदा ध्यानात येत नाही. काचेचे पॅनेल व त्याचा सांगाडा मिळून ४० ते ५० किलो भार टपावर चढतो. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये सुमारे २० किलो माल बसतो. म्हणजे प्रत्येक खेपेस दोन क्रेट कमी न्यावे लागतील. दर क्रेटला २० रुपये भाडे मिळते असे समजल्यास दोन खेपांत ८० रुपये उत्पन्न बुडेल आणि उन्हाचे उत्पन्न मात्र २० रुपये होईल. कांदा, बटाटा, टोमॅटो असा जड माल पूर्ण क्षमतेने वाहणाऱ्या वाहनास हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

मेथी, कोथिंबीर, पालक अशा पालेभाज्यांची गोष्ट निराळी आहे. या मालाने गाडीतील जागा भरते, परंतु वजनाची मर्यादा गाठली जात नाही. तेथे टपावरील ४० किलोंनी उत्पन्न घटत नाही. शिवाय पालेभाजी उष्णतेने लवकर कोमेजते. टपावरील पॅनेलाची वीज चाकांना न देता बंद पेटीतील हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यास, दिव्यांस व वजनकाट्यास दिली, तर थोड्या विजेत मालाची प्रत राखता येते. आणि पॅनेलाखालील टप सावलीत राहते, हा वेगळा फायदा होय.

टपावरील पवनचक्कीविषयी गैरसमज

मोटार वेगाने जाताना वारा लागतो. त्या वाऱ्यावर लहान पवनचक्की फिरवून बॅटरी भरावी, असेही काही जण सुचवितात. ही कल्पना फसवी आहे. बैलगाडीच्या चाकास जाते जोडले, तर पीठ दळले जाईल. पण त्या दळणाचे ओझे बैलांच्याच खांद्यावर पडेल. तद्वत मोटारीस लागणारा वारा हा तिच्याच मोटरने वीज खर्चून निर्माण केलेला असतो. चक्की बसविली की वाऱ्याचा अडथळा वाढतो, तो रेटण्यास अधिक वीज लागते आणि चक्की त्यातील काही भागच परत करते. या व्यवहारात नेहमी तोटाच होतो. चाकास जनित्र जोडून चालत्या गाडीत वीज निर्माण करण्याच्या युक्तीसही हेच लागू आहे. अशा वस्तूंवर कोणीही पैसे खर्च करू नयेत.

उताराची वीज

मात्र एक वीज चालत्या गाडीत खरोखर परत मिळते. विद्युत् मोटारीचा वेग कमी करताना तिची मोटर जनित्राचे काम करते व गतीतील शक्ती बॅटरीत परत जाते. साध्या गाडीत ही शक्ती ब्रेक तापविण्यात वाया जाते. थांबत थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत हा गुण विशेष उपयोगी आहे.

घाटात तो अधिक स्पष्ट दिसतो. बोरघाटातील सुमारे ५०० मीटरांचा उतार १० टन एकूण वजनाचा ट्रक उतरतो, तेव्हा त्या उंचीत साठलेली शक्ती साडेतेरा युनिटांच्या आसपास असते. चाकांचे घर्षण व वाऱ्याचा विरोध वजा जाता तिचा काही भाग बॅटरीत जमा होतो. शेतमालाच्या बाबतीत सुदैवाची गोष्ट अशी की, देशावरचा माल घेऊन गाडी भरलेली उतरते व रिकामी चढते. उतरताना अधिक मिळते व चढताना कमी लागते. तथापि घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज साठविण्यास जागाच उरत नाही. यास्तव घाट उतरण्यापूर्वी बॅटरी काठोकाठ भरू नये.

इतरत्रचे अनुभव

स्वीडनमधील स्कॅनिया कंपनीने २०२३ मध्ये १८ मीटर लांबीच्या ट्रेलरवर १०० चौरस मीटर पॅनेल बसवून एक संकरित ट्रक रस्त्यावर आणला. त्या पॅनेलांची क्षमता १३.२ किलोवॅट असून स्वीडनच्या हवामानात वर्षाकाठी ५,००० किलोमीटरपर्यंतची चाल उन्हावर मिळेल, असा अंदाज कंपनीने वर्तविला. लांब पल्ल्याच्या ट्रकाच्या वार्षिक धावेच्या मानाने हा लहान हिस्सा होय. भारतीय रेल्वेने जुलै २०१७ मध्ये दिल्ली येथे सौर पॅनेल बसविलेली डेमू गाडी सुरू केली. तिचे इंजिन डिझेलवरच चाले. डब्यांच्या टपांवरील वीज दिवे व पंखे यांना पुरविली जाई. पुणे येथील वायवे मोबिलिटी या कंपनीच्या 'इव्हा' नावाच्या लहान मोटारीत टपावरील पॅनेलामुळे वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत, म्हणजे दिवसाला सुमारे ८ ते १० किलोमीटर, चाल मिळते असे कंपनी सांगते. ती मोटार हलकी असून माल वाहण्यासाठी नाही. तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. टपावरील ऊन हा पूरक आहार आहे, पोटभर जेवण नव्हे.

मग ऊन कोठे साठवावे?

पॅनेलाचे खरे स्थान स्थिर छतावर आहे. गावातील पॅकहाऊस, सोसायटीचे गोदाम किंवा घर यांच्या छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल दक्षिणेकडे कलते बसविले व वेळोवेळी धुतले, तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे १२ युनिट मिळतात. गोवंडीच्या टेंपोची दिवसाची गरज नेमकी तेवढीच आहे. यासाठी सुमारे ३०० चौरस फूट जागा पुरते आणि वाहनावर एका किलोचाही भार चढत नाही. निवासी घरासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवण्यात आले. कृषिपंपासाठी अनुदानातून मिळालेले पॅनेल मात्र योजनेच्या अटी पाहिल्याविना व परवानगी घेतल्याविना अन्य कामास जोडू नये.

दिवसा वाहन रस्त्यावर असते, मग उन्हाची वीज त्यास कशी मिळणार, अशी शंका येईल. भाजीपाल्याचा धंदा पहाटेचा असल्याने तिचे उत्तर सोपे आहे. पहाटे दोन-तीन वाजता निघालेला टेंपो सकाळी अकराच्या सुमारास मोकळा होतो. दुपारी ११ ते ४ हीच उन्हाची वेळ व हीच त्याच्या विश्रांतीची वेळ. त्या वेळी चार्जिंग केल्यास सूर्याची वीज थेट कामी येते. स्वतःचे पॅनेल नसले तरीही दुपारची वेळ सोयीची आहे. सौर तासांत विजेचा दर कमी ठेवावा असे धोरण केंद्र सरकारने २०२३ च्या नियमांद्वारे स्वीकारले आहे. आपल्या जोडणीस ही सवलत लागू आहे किंवा कसे, याची चौकशी वीज कंपनीच्या कार्यालयात करावी.

गोवंडीतील पुष्कळ टेंपोचालकांपुढे याहून कठीण अडचण आहे. त्यांचे वाहन रस्त्यावर उभे राहते व तेथे स्वतःचा मीटर नसतो. अशा स्थितीत शेजारच्या तारेवर आकडा टाकून किंवा घरातील सैल प्लगातून लांब वायर ओढून चार्जिंग करणे बेकायदेशीर तसेच प्राणघातक आहे. दाट वस्तीत एका ठिणगीने अनेकांची घरे जातात. त्याऐवजी चार-सहा वाहनमालकांनी एकत्र येऊन बाजाराच्या आवारात किंवा वाहनतळावर अधिकृत जोडणी मागावी. माल उतरविला जातो तेथेच चार्जिंगची सोय होणे सर्वांत श्रेयस्कर होय.

चार्जिंग करताना घ्यावयाची काळजी

लहान मोटारीस १५ अँपिअरचा पक्का प्लग, योग्य जाडीची वायर व खात्रीचे अर्थिंग लागते. अशा प्लगातून सुमारे साडेतीन किलोवॅट वीज मिळते व रिकामी बॅटरी भरण्यास ६ ते ७ तास लागतात. विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण अवश्य बसवावे. चार्जिंगची जागा हवेशीर असावी. गवत, रिकामी खोकी व बारदान जवळ ठेवू नये. पावसाच्या पाण्यात बुडालेली मोटार तज्ज्ञाने तपासल्याशिवाय चार्ज करू नये. टपावर पॅनेल बसवावयाचेच असेल, तर ते वाहनाच्या मुख्य बॅटरीस गावठी पद्धतीने जोडू नये. त्या बॅटरीचा दाब जीवघेणा असू शकतो आणि कंपनीची हमीही रद्द होण्याचा संभव असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावसभेत हा विषय समजावून देण्यास खडू व दोरी पुरेशी आहे. चावडीपुढील फरसबंदीवर २ मीटर लांब व दीड मीटर रुंद चौकट आखावी. हे टेंपोचे टप. तिच्या शेजारी तशाच पाच चौकटी आखाव्यात. हे ३ अश्वशक्तीच्या सौरपंपाचे पॅनेल. नंतर गावातील वाहनमालकास दिवसाचे किलोमीटर विचारावेत, त्यास ५ ने भागून लागणारे युनिट काढावेत आणि एका चौकटीतून २, तर पाच चौकटींच्या स्थिर संचातून सुमारे १२ युनिट मिळतात हे दाखवावे.

यानंतर विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारण्याची सवय लोकांस लावावी:

१. पॅनेल किती वॅटचे आहे व त्याचे सांगाड्यासह वजन किती?

२. पावसाळ्यात दिवसाला किती युनिट मिळतील, हे लेखी देता काय?

३. हे पॅनेल बसविल्याने वाहनाच्या बॅटरीची हमी कायम राहते काय?

४. पूर्ण भारासह एका चार्जमध्ये वाहन किती चालते, आणि बॅटरीची हमी किती वर्षांची आहे?

ज्यांना ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाचा विद्युत् ट्रक घ्यावयाचा आहे, त्यांना जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या तरतुदींची माहिती द्यावी. तीत प्रत्येक ट्रकास कमाल ९ लाख ६० हजार रुपये प्रोत्साहन ठरविले असून त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र लागते. अर्ज करण्यापूर्वी योजनेची मुदत व शिल्लक निधी यांची खात्री करून घ्यावी.

थोडक्यात सांगावयाचे तर, ठराविक व जवळच्या अंतरासाठी विद्युत् टेंपो आज उपयुक्त झाला आहे. त्याच्या टपावरील ऊन हलक्या मालाच्या गाडीस पंखा व दिवा पुरवील, क्वचित दहा किलोमीटर चालवीलही; परंतु गाडी त्यावर विसंबून ठेवता येणार नाही. वापरलेली प्रत्येक युनिट कोठून आली व किती वजन उचलून आली, हे पाहण्याची दृष्टी ज्या गावात तयार होईल, तेथील शेतकऱ्याचा पैसा फसव्या जाहिरातीत जाणार नाही. आणि त्या गावची भाजी धूर न सोडता गोवंडीच्या बाजारात पोहोचेल.